नाग नदी, खर्र्याची पन्नी अन् बुरशी : प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

टॉपिक शेवटी फायनल झाला. नदी-तलावात पडलेल्या प्लास्टिकवर माणसाला रोग करणाऱ्या बुरश्या राहतात का, अन् राहत असतील तर बाजूच्या काडी-पानापेक्षा जास्त राहतात का. दुसरा अर्धा भाग आमच्या गाईड मॅडमचा. आम्ही फक्त "राहतात का" एवढंच लिहून नेलं होतं, त्यावर मॅडम म्हणाल्या की नाग नदीत काहीही बुडवून काढा, चप्पल बुडवा, बुरशी निघेलच, मग प्लास्टिकलाच कायले धरता. तुलना नसेल तर मी सही करणार नाही म्हणाल्या. पार्टनरचं तोंड पडलं कारण तुलना म्हणजे प्लेटा (बुरशी वाढवायच्या बशा) तिप्पट अन् मीडियाचा (बशीतल्या खाद्याचा) खर्च आपल्याच खिशातून.

वाचलेलं इथेच लिहून ठेवतो, नंतर इंट्रोडक्शनला कामी पडेल. पाण्यातल्या प्लास्टिकवर जिवाणू, शेवाळ, बुरशी यांचा जो थर बसतो त्याला प्लास्टिस्फिअर म्हणतात, हे नाव २०१३ च्या एका अमेरिकन पेपरमधून आलं, समुद्रातल्या तुकड्यांवरचं काम होतं ते. त्यानंतर पेपर धडाधड आले पण बहुतेक बॅक्टेरियावर, बुरशीकडे लोकांनी बरंच उशिरा पाहिलं. २०२१ मध्ये जर्मनीच्या बायरॉइट विद्यापीठाच्या टीमनं केनियातल्या सियायाच्या मातीतून मायक्रोप्लास्टिक वेचलं अन् दाखवलं की त्यावर रोगकारक बुरश्या जमा होतात, पिकाच्याही अन् माणसाच्याही. पण ती माती, आपल्याला पाणी पाहिजे. अन् ऑक्टोबर २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनं रोगकारक बुरश्यांची पहिली यादी काढली, १९ नावं आहेत, सगळ्यात वरच्या गटात चार : क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अॅस्परजिलस फ्युमिगॅटस, कॅन्डिडा अल्बिकन्स. म्युकरवाला गट त्याच्या खालच्या पायरीवर. नागपुरात २०२१ चा मे ज्यानं पाहिला त्याला म्युकर कोण हे सांगावं लागत नाही, तेव्हा पानठेल्यावरही लोक नाकातली काळी बुरशी बोलून राहिले होते.

९ जानेवारी

जागा ठरल्या. एक, नाग नदी जगनाडे चौकाच्या बाजूला. दोन, नाग नदी पारडीकडे, जिथे अर्ध्या शहराचं सांडपाणी मिसळून झालेलं असतं. तीन, फुटाळा तलाव. चौथी आंभोरा, ती मॅडमच्या आग्रहानं, कारण नाग पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला जाते अन् कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत, तिथे गोसीखुर्दचं बॅकवॉटर लागतं. म्हणजे आपल्या गल्लीतली पन्नी (पातळ प्लास्टिक) शेवटी कुठे थांबते ते पाहायचं तर तिथेच जावं लागेल.

अंबाझरी तलाव घ्यायचा होता पण जलपर्णीत पाय टाकायला जागा नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज सकाळी जगनाडे चौकाच्या पुलावरून खाली पाहिलं तर सगळीकडे नायलॉन मांजा, झाडाला, तारेला, नदीतल्या गाळाला, एका मेलेल्या बगळ्याच्या पायाला. बंदी आहे, कोर्ट दरवर्षी झापते, अन् दरवर्षी मिळतो. आमच्या यादीत मांजा नव्हता, आता टाकला. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास म्हणजे पाण्यात बुडणारा माल, पन्नी अन् दोरी (पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन) १ च्या खाली म्हणजे तरंगणारा, त्यामुळे एकाच नदीत वर एक थर अन् तळाशी दुसरा असं दोन्ही मिळालं. बाटलीचं पेट १.३८, ते बूच लावलेलं असलं तर तरंगते नाहीतर तळाशी.

बाकी उचललं ते : दुधाची पिशवी, थर्माकोलची वाटी, चिप्सचं चकचकीत पाकीट, पाण्याचा पाऊच, अन् खर्र्याच्या पन्न्या. पन्न्या मोजायच्या भानगडीत पडलो नाही. बाहेरचा कोणी वाचत असेल तर सांगतो, सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत टाकून पाटीवर घोटतात, खर्रा खाऊन झाला की पन्नी खाली. नागपूरच्या नाल्यात दुसरं काही नसलं तरी ही असते.

१६ जानेवारी

जुने तुकडे वेचून भागत नाही, कारण ते पाण्यात किती दिवस होते, आधी कशात होते, काही माहीत नाही. म्हणून दोन भाग केले. वेचलेला माल वेगळा. अन् दुसरा भाग म्हणजे आपण स्वतः टांगायचे तुकडे, सगळे २ बाय ५ सेंमी : नवी पन्नी, खर्रा घोटून धुतलेली पन्नी, नायलॉन, थर्माकोल, आईस्क्रीमची लाकडी काडी, काचेची स्लाईड. सगळे अल्कोहोलनं पुसून, वाळवून, जाळीच्या पिशवीत, पिशवी दगडाला बांधून पाण्यात.

घोटलेली पन्नी ही माझी आयडिया. चौकातल्या पानठेलेवाल्या भाऊला सांगितलं की भाऊ खर्रा नको, नुसती वापरलेली पन्नी द्या, तर ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवून राहिले का बे आता?" दिल्या मात्र, पैसे घेतले नाहीत.

१९ जानेवारी

पिशव्या लावल्या. पारडीचा वास सांगण्यात अर्थ नाही. ग्लोव्हज, गमबूट, मास्क सगळं होतं तरी घरी आल्यावर आईनं अंगणातच आंघोळ करायला लावली.

३ फेब्रुवारी

पहिली काढणी. पद्धत एकदाच लिहितो. तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये तीनदा हलवून धुवायचा म्हणजे नुसतं चिकटलेलं पाणी अन् गाळ जातो, खरंच घर करून बसलेलं राहते. मग ०.१ टक्का ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) अन् काचेचे मणी घालून व्हॉर्टेक्स म्हणजे मशीनवर जोरात घुसळणं, मग डायल्यूशन म्हणजे पातळ करणं, मग साबुरो अगारवर (बुरशी वाढवायची जेली) पसरायचं, अगारमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल म्हणजे बॅक्टेरिया गप्प बसतात. सायक्लोहेक्झिमाइड टाकायचं नाही, सीनिअर लोकं सवयीनं टाकतात, पण त्यानं अॅस्परजिलस, म्युकर अन् काही कॅन्डिडा पण दबतात, म्हणजे जे शोधायला निघालो तेच मारून मोकळे. प्रत्येक नमुन्याच्या दोन प्लेटा, एक २८ डिग्रीला, एक ३७ ला. ३७ ची महत्त्वाची. बहुतेक बुरश्यांना माणसाच्या अंगाचं तापमानच झेपत नाही, म्हणून तर आपण बुरशीच्या रोगांपासून एवढे वाचलेले आहोत, जी ३७ ला मजेत वाढते तिच्याकडेच लक्ष द्यायचं.

सोबत त्या जागचं पाणी, अन् हवेची एक उघडी प्लेट काठावर १५ मिनिटं. नाहीतर नंतर कोणीतरी विचारेल की हवेतूनच पडलं असेल तर.

५ फेब्रुवारी

पारडीच्या सगळ्या ३७ वाल्या प्लेटा वाया. रायझोपस, म्युकरच्याच गटातला. संध्याकाळी छोटा पांढरा ठिपका होता, सकाळी झाकणापर्यंत पिंजलेल्या कापसासारखं भरून वर काळे बारीक दाणे. याला झाकण उचलणारी बुरशी म्हणतात ते उगाच नाही. त्याच्याखाली बाकी काय होतं ते देवालाच माहीत. मॅडम म्हणाल्या उघडायची नाही, तशीच ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेत मारायला. आता रोझ बेंगालवालं मीडियम घेऊ, त्यात याचं पसरणं आवरते.

हवेच्या प्लेटवर पण तोच आला, अन् काडीवरही आला. म्हणून "प्लास्टिकवर म्युकर सापडला" असं लिहिण्यासारखं इथे काहीच नाही. पार्टनर म्हणते लिहू या, म्युकर म्हटलं की परीक्षक जागे होतात. मी म्हटलं अगं रायझोपस शिळ्या भाकरीवर पण असतो, आपल्या डब्यात पण असेल. २०२१ ला तो एवढा चढला तो शुगर अन् स्टेरॉइडमुळे, बुरशी तर आधीपासून इथेच होती.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस चांगला. प्लेटा बाजूला ठेवून पन्नीचा तुकडाच सरळ स्लाईडवर पसरवला, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू (बुरशी निळी दिसावी म्हणून रंग) टाकला, कव्हरस्लिप, ४०एक्स. नवी पन्नी आधी : इकडे तिकडे काही गोल पेशी, डायटमचे (बारीक शेवाळाचे) तुकडे, गाळ, बुरशीचे धागे तुरळक. मग घोटलेली पन्नी. त्या पन्नीवर सुपारीच्या कणांनी पडलेल्या रेघा असतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटाला खरखरीत लागतात, मायक्रोस्कोपमध्ये तर नांगरलेलं दिसते. अन् निळे धागे त्या रेघांमधूनच चालले होते. सपाट भागात जवळपास काही नाही अन् रेघेत धागा, धाग्याच्या बाजूला यीस्टच्या (एकपेशी बुरशीच्या) पेशी रांगेनं चिकटलेल्या, काही कळ्या काढून राहिलेल्या. एका जागी दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे धागा वळून दुसऱ्या रेघेत गेलेला दिसला. पार्टनरला बोलावलं, तिनं पण पाहिलं, मग लॅबवाल्या काकांना पण दाखवलं, काका म्हणाले हे तर माझ्या खर्र्याचं दिसते.

कारण पुस्तकात आहेच. खडबडीत जागी पेशीला अडकायला आडोसा मिळतो, प्रवाहात वाहून जात नाही. धागेवाल्या बुरश्या हायड्रोफोबिन नावाची प्रोटीन बनवतात, पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर पकड घ्यायला त्यांचा उपयोग होतो, अन् पॉलिथिन पाणी झटकणारंच आहे. शिवाय पाण्यात टाकलेलं प्लास्टिक फार वेळ नुसतं प्लास्टिक राहत नाही, काही तासांत त्यावर प्रोटीन-साखरेचा पातळ थर बसतो, तोच पहिला नाश्ता. पन्नी स्वतः कोणी खात असेल असं मला वाटत नाही. मऊ पीव्हीसीची गोष्ट वेगळी, त्यातलं प्लास्टिसायझर (मऊपणासाठी घातलेलं रसायन) ऑरिओबॅसिडियमसारख्या बुरश्या खातात हे २००० सालीच दाखवलेलं आहे.

आता शंका अशी की धागे रेघांमुळे आले का तंबाखू-सुपारीचा अंश राहिला म्हणून. धुतली होती, पण किती धुतली गेली कोण सांगणार. म्हणून आणखी एक गट : नवी पन्नी, सँडपेपरनं घासलेली, खर्रा नाही. मॅडमनी लगेच हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

लाईट दुपारी गेली ती रात्रीच आली. इन्क्युबेटर थंड. पुन्हा.

२७ फेब्रुवारी

दुसऱ्या काढणीचा निकाल. मीडियम बदललं, या खेपेला वाचता येतात प्लेटा.

पारडी अन् जगनाडे, दोन्हीकडे ३७ ला यीस्ट भरपूर. क्रोम अगारवर टाकलं, त्यात जातीप्रमाणे रंग येतो, बहुतेक निळ्या वसाहती, म्हणजे कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस, थोड्या हिरव्या, त्या अल्बिकन्स. हिरव्यांची जर्म ट्यूब चाचणी पण केली, सिरममध्ये ३७ ला अडीच तास, पेशींना शेपट्या आल्या, ती अल्बिकन्सची खूण. ट्रॉपिकॅलिस म्हणजे काही किरकोळ नाही, आपल्या देशातल्या आयसीयूमध्ये रक्तात सापडणाऱ्या कॅन्डिडात तीच सगळ्यात वर असते.

पण काडीवर पण तेवढ्याच. जवळपास सारख्याच, एका पिशवीत तर काडीवर जास्त. पाण्यात पण आहेत. म्हणजे कॅन्डिडा आली सांडपाण्यातून, माणसाच्या पोटातून, अन् जे समोर दिसलं त्यावर बसली, तिला प्लास्टिक अन् लाकूड सारखंच. मॅडमची ती चप्पल आठवली. पार्टनर दिवसभर नाराज.

फरक दिसला तो दुसरीकडे. पन्नीवर अन् थर्माकोलवर गुलाबी-केशरी ऱ्होडोटोरुला नावाचं यीस्ट, काडीवर नावाला. अन् जास्त दिवस ठेवलेल्या प्लेटांवर हळूहळू काळ्या, ओल्या, चकचकीत छोट्या वसाहती, घोटलेल्या पन्नीवर अन् सँडपेपरवाल्या पन्नीवर दोन्हीकडे, नव्या पन्नीवर कमी, काडीवर नाही, काचेवर एखादी. हे ब्लॅक यीस्ट, एक्सोफियालाच्या नात्यातलं दिसते, नक्की नाव सिक्वेन्सिंगनंतरच (डीएनए वाचल्यावर). याची एक बहीण, एक्सोफियाला डर्माटिटिडिस, डिशवॉशरच्या रबरी सीलवर राहते, साबण, गरम पाण्याचा मारा सगळं झेलून. अशा चिवट लोकांना गुळगुळीत, उपाशी जागा चालते कारण तिथे दुसरे लवकर येत नाहीत.

सँडपेपरवर पण आली म्हणजे रेघाच. खर्रा सुटला. काकांना सांगितलं, ते खूश.

९ मार्च

आंभोरा. कुही, मांढळ, वेलतूर करत बाईकनं, येताना ऊन असं की हेल्मेट काढावंसं वाटत होतं. चैतन्येश्वराच्या खाली घाटावर नारळ, अगरबत्तीची पाकिटं, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीतच बांधून सोडलेलं. थोडं पुढे गेलं की पाणी शांत, अन् काठाच्या गवतात अडकलेल्या पन्न्या. खर्र्याच्याच. आता ती नागपूरची का वेलतूरची हे पन्नीवर लिहिलेलं नसते, त्यामुळे "नागपूरहून आली" असा दावा करायचा नाही, पण काही पन्न्यांवर एवढा जाड हिरवा थर होता की त्या नुकत्या पडलेल्या नव्हत्या हे उघड. काही तर थराच्या वजनानं बुडून गेल्या होत्या, पॉलिथिन असून.

एक ढीवर काका जाळं सुकवून राहिले होते. "काय पायता जी पान्यात? मासोया त घावत नाई तुमाले अशा." सांगितलं की पन्नीवरची बुरशी. ते म्हणाले पन्नी तं जाळ्यात रोजच येते, मासोयाइतकी पन्नी. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या दाखवल्या, पावसाळ्यात फार होतात म्हणाले. मग सांगितलं की त्यांच्या नात्यातल्या एका पोराच्या नाकात मांस वाढलं होतं, शिंकला की रक्त, तळ्यात पोहण्यानं झालं असं डॉक्टर बोलले.

येताना पार्टनर गाडीवर मागून ओरडून राहिली, ऱ्हायनोस्पोरिडियम! असू शकते, तो रोग तळ्याच्या पाण्याशी जोडलेलाच आहे अन् वर्षानुवर्षं पुस्तकात तो बुरशीच्या धड्यात होता, डीएनए पाहिल्यावर कळलं की तो जीव बुरशी नाहीच. पण नाकात मांस कशानंही वाढते, ऐकीव गोष्टीवर निदान करणारे आपण कोण. नोंद म्हणून लिहिलं, रिपोर्टात नाही घेणार. असंच पिथियमचं, डोळ्यात व्रण करते, दिसते हुबेहूब बुरशीसारखं, पण बुरशी नाही, अन् म्हणून बुरशीचे ड्रॉप तिच्यावर नीट चालत नाहीत.

चिखल्या मात्र वेगळ्या. त्या करणाऱ्यांत ज्या डर्माटोफाइट बुरश्या असतात त्यांना केराटिन पाहिजे, त्वचा-नख-केस, त्या पन्नीवर संसार थाटतील याची मला आशा नाही. काकांना एवढंच म्हटलं की पाय कोरडे ठेवा अन् दुकानातून आणलेली तीन औषधांची मिक्स ट्यूब लावू नका, त्यात स्टेरॉइड असते. ते म्हणाले लावतो न बाप्पा, लगेच आराम पडते.

२१ मार्च

आंभोऱ्याच्या प्लेटा. कॅन्डिडा जवळपास गायब, पाण्यात तर नाहीच, एका पन्नीवर तेवढ्या दोन निळ्या वसाहती. ब्लॅक यीस्ट मात्र आहे, पन्नीवर, जाड थराच्या खाली.

आज बराच वेळ यावरच बोललो. पारडीला काडी अन् पन्नी बरोबरीत होत्या, पण आंभोऱ्याला काडीच नाही. म्हणजे नदीतून आलेली अशी काडी मिळालीच नाही जिच्याशी तुलना करता येईल, जे लाकूड होतं ते पिचलेलं, हातात चुरा. आम्ही टांगलेल्या आईस्क्रीमच्या काड्या पण आता मऊ पडून कडा झिजायला लागल्या आहेत, पन्नी जशीच्या तशी. मला वाटते आपल्या प्रोजेक्टचा मुद्दा इथेच आहे. पन्नी बुरशीला काही खास आवडते असं नाही, पन्नी संपत नाही एवढंच. पान कुजते, काडी झिजते, त्यावरचं जग त्याच्याबरोबर संपते, पन्नीवरचं जग शहराच्या गटारातून निघून थेट धरणापर्यंत जाऊ शकते. दोन निळ्या वसाहतींवर एवढं मोठं बोलायचं नाही हे मलाही कळते. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या, "बरोबर दिशेनं चाललाय, पण दोन वसाहती म्हणजे दोन वसाहती."

२८ मार्च

ऑरिससाठी वेगळी फेरी केली, कारण व्हायव्हाला कोणीतरी विचारणारच. १० टक्के मीठ घातलेला ब्रॉथ, ४२ डिग्री, त्यात बाकीचे बहुतेक यीस्ट दम तोडतात अन् ऑरिस टिकते. काहीच आलं नाही. चांगलं झालं. आलं असतं तर आपल्या लॅबमध्ये ते ठेवायची सोयही नाही.

पण तिची गोष्ट इंट्रोडक्शनमध्ये हवीच. २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानातून पहिल्यांदा वर्णन झालं, मग दहाएक वर्षांत जगभरच्या हॉस्पिटलांत, अन् निसर्गात कुठे राहते ते कोणालाच सापडेना. २०२१ मध्ये दिल्लीच्या अनुराधा चौधरी यांच्या टीमला ती अंदमानच्या किनाऱ्यावर सापडली, खाऱ्या दलदलीत अन् वाळूच्या बीचवर. दलदलीतला एक नमुना औषधांना दबणारा होता अन् जास्त तापमानात बाकीच्यांपेक्षा हळू वाढत होता, म्हणून असं मांडलं जाते की जग तापत गेलं तशी ही बुरशी उष्णतेला सरावली अन् आपल्या अंगात टिकण्याच्या लायक झाली. सिद्ध झालेलं नाही, पण नागपूरच्या माणसाला असं काही वाचलं की जरा वेगळंच वाटते.

१६ एप्रिल

४३ डिग्री. फुटाळ्याच्या काठावर दुपारी, कोणी नाही, एक पोरगं-पोरगी तेवढी झाडाखाली. काठावर वाळून पडलेल्या पन्नीला थर्मामीटर टेकवला तर ५० च्या वर. पाणी उथळ भागात ३४. म्हणजे पन्नी पाण्यात असली तर माणसाच्या अंगाच्या जवळपास तापमानात, अन् काठावर आली तर भट्टीत, रोज हेच चालू. अशा जागी कोण टिकेल? काठावरच्या पन्नीच्या प्लेटा ४५ ला ठेवल्या, बाकी सगळं मेलं, एकच आली, निळसर हिरवी मखमली, कडेला पांढरी किनार. स्लाईडवर पाहिलं, अॅस्परजिलस फ्युमिगॅटस. ही ५० ला पण वाढते, कंपोस्टच्या ढिगात हिचं घर, त्यामुळे आश्चर्य नाही. काठाच्या वाळलेल्या पानांवर पण आली, हे पण लिहितो.

हिच्या बाबतीत मला जास्त काळजी फवाऱ्याची वाटते. संत्र्याच्या बागेत, सोयाबीनवर टेब्युकोनॅझोल-हेक्झाकोनॅझोल ही बुरशीनाशकं मारतात, ती औषधं अन् माणसाला देतात ती व्होरिकोनॅझोल वगैरे एकाच खानदानातली. त्यातून औषधाला न जुमानणाऱ्या फ्युमिगॅटस तयार होतात, भारतातल्या मातीतही सापडल्या आहेत. पन्नी काटोलच्या बागेच्या बांधावर पडली असेल तर? पुढच्या वर्षीच्या कोणत्या तरी ग्रुपला हा विषय देऊन टाकू.

२४ एप्रिल

नदीतल्या ट्रॉपिकॅलिसवर फ्लुकोनॅझोलची (माणसाला देतात ते बुरशीचं औषध) डिस्क लावली. म्युलर हिंटन अगार, २ टक्के ग्लुकोज, मेथिलीन ब्लू. सोबत तुलनेला एटीसीसीची स्टँडर्ड जात. झोन (डिस्कभोवती वाढ न झालेला गोल) ठीक आले, बहुतेक औषधाला दबणाऱ्याच. झोनच्या आत बारीक बारीक वसाहतींचं धुकं दिसलं, पार्टनर ओरडली रेझिस्टंट! तो ट्रेलिंग असतो, ट्रॉपिकॅलिसची ती खोडच आहे, मोजताना मोठी वाढ जिथे थांबते तिथली कड घ्यायची.

हे मोकळ्या पेशींचं झालं. थरात बसलेल्यांचं वेगळं. हॉस्पिटलचा कॅथेटर पण शेवटी प्लास्टिकच, कॅन्डिडा त्यावर थर करते, थराभोवती बीटा ग्लुकनचा (साखरेच्या लांब साखळ्यांचा) लगदा, अन् तो लगदा फ्लुकोनॅझोलला आतच अडकवून धरतो, पेशीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून डॉक्टर औषध चालू ठेवून कॅथेटरच काढून टाकतात. नदीतली पन्नी अन् कॅथेटर, दोन्हीवर चिकटायची कला एकच. पण नदीतून कॅथेटरपर्यंतचा रस्ता आपण दाखवलेला नाही अन् दाखवूही शकत नाही.

५ मे

पोस्टरवरून वाद. पार्टनरचं टायटल : "नाग नदीतील प्लास्टिकवर जीवघेण्या बुरशा". अक्षरं लाल. मी म्हटलं यातला प्रत्येक शब्द खरा आहे अन् पूर्ण वाक्य फसवं आहे, कारण नाग नदीतल्या काडीवर पण त्याच आहेत. ती म्हणते काडी टायटलमध्ये टाकली तर पोस्टरसमोर कुत्रं थांबणार नाही. यात तिचं चूक काही नाही, लोकांना भीती दिली तरच वाचतात. पण उद्या हेच वाचून कोणी फुटाळ्याला फिरायला जायचं बंद करेल अन् तिकडे शुगर तपासायचं मात्र टाळेल. चांगल्या तब्येतीच्या माणसाला या बुरश्या सहसा काही करत नाहीत. शुगर हाताबाहेर गेलेली, स्टेरॉइड चालू, केमो चालू, डोळ्याला तुरीचं धसकट लागलेलं, पायाला जखम घेऊन गटारात उतरलेला सफाई कामगार, यांची गोष्ट वेगळी. सगळ्यात जास्त हात त्या पाण्यात कोणाचे असतात, त्यांचेच. आंभोऱ्याच्या काकांचे.

मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं अन् विचारलं की रेघेतल्या धाग्याचा फोटो किती मोठा छापता येईल. तो मधे मोठा, बाजूला काडीचा फोटो त्याच आकारात, टायटल साधं. पार्टनर मानली, लाल अक्षर तेवढं राहू द्या म्हणाली. राहिलं.

१२ मे

ब्लॅक यीस्ट अन् फ्युमिगॅटसचे नमुने आयटीएस सिक्वेन्सिंगला पाठवायचे, बाहेरच्या लॅबचं कोटेशन आलं, परवडणारे तेवढेच. आंभोऱ्याच्या त्या दोन निळ्या नक्की त्यात. जुन्या प्लेटा सगळ्या ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीत, लॅबवाल्या काकांना सांगून ठेवलं की झाकणं उघडायची नाहीत.

पाऊस लागायच्या आत आंभोऱ्याला नवीन पिशव्या लावायच्या आहेत, या वेळी जाड बाभळीची काडी पण, आईस्क्रीमची नाही, म्हणजे निदान पुरापर्यंत तरी टिकेल अन् तुलना करता येईल. ढीवर काकांना फोन केला होता, ते म्हणाले लावा न जी, मी पायतो तिच्याकडे, पन पान्याचा भरोसा नाई, गेट उघडले का सगळंच जाते. म्हणून दोर नायलॉनचा घ्यायचा का सुताचा यावर अजून ठरलं नाही, नायलॉनचा घेतला तर आपणच नदीत आणखी प्लास्टिक सोडून येऊ असं पार्टनरचं म्हणणं, अन् सुताचा घेतला तर जुलैत पिशवीच राहणार नाही असं माझं.